हलकेरावांच्या ताईचं दार

हलकेरावांचं वजन एकशे चार किलो. हे नाव त्यांना शर्यतीच्या गाड्यावाल्यांनी ठेवलं, आणि ठेवताना ते सगळे पोट धरधरून हसले असणार. कारण हलकेराव कारखान्यात ज्या खुर्चीवर बसतात तिला त्यांनी स्वतःच्या हातानं खालून लोखंडी पट्टी मारून घेतली आहे. पण नाव पडलं ते अंगावरून नाही, धंद्यावरून. कंपनीतून आलेलं गाडीचं पत्र्याचं दार उतरवायचं आणि त्या जागी निम्म्या वजनाचं फायबरचं दार बसवायचं, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा धंदा. शर्यतवाल्यांना एकेक किलो जड होतो. गाडीतली मागची सीट काढतील, गालिचा काढतील, दारं हलकेरावांकडून बदलून घेतील, आणि स्वतः मात्र दुपारी ताटभर जेवतील. हलकेराव म्हणतात, ‘‘पोटाचं झाकण मी बनवत नाही, नाहीतर तेही हलकं करून दिलं असतं.’’

कारखाना म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. फरशी अजून गारच. फायबरचं कापड ज्यात भिजवतात त्या चिकट रेझिनला तर ऊब लागते; ऊब नसली की ते वाळत नाही, रुसून बसतं. म्हणून दाराचा साचा चाकांच्या टेबलावर ठेवायचा आणि खिडकीतून येणारं ऊन जसं सरकेल तसं टेबल सरकवायचं. सकाळी पहिल्या खिडकीपाशी, दुपारी तिसऱ्या. हे काम शिंपीणबाईंचं. या बाई आधी खरोखरच कपडे शिवायच्या. गुडघ्यांनी मशीनचा पाय मारणं नको म्हटलं, तेव्हा हलकेरावांनी त्यांना काचेच्या धाग्यांचं कापड कापायला बोलावलं. बाईंनी पहिल्याच दिवशी कापड हातात घेऊन सांगितलं, ‘‘अंगाला खाजतं, इस्त्री होत नाही, आणि आडवं-उभं बघून कापायला लागतं. म्हणजे कापडच आहे. जमेल.’’

ते कापड खाजतं हे मात्र खरं. बारीक कुसळं मनगटातून आत शिरतात. त्यावर उपाय हलकेरावांच्या ताईनं सांगितलेला. ताई नर्स. ती म्हणाली, काम सुरू करण्याआधी हाताला लहान बाळाची पावडर चोळ, छिद्रं बुजतात. तेव्हापासून एकशे चार किलोच्या या माणसाच्या अंगाला चोवीस तास तान्ह्या बाळाचा वास येतो. नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी इकडेतिकडे बघतं, पाळणा कुठे आहे म्हणून.

ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सगळं जग ज्याला हलकेराव म्हणतं त्याला ती ‘ढोल्या’ म्हणते, तेही गिऱ्हाइकांसमोर. आई लवकर गेली, तेव्हा ढोल्याला आंघोळ घालणारी, शाळेत सोडणारी, त्याच्या दप्तरातले गलोलीचे दगड फेकून देणारी तीच. पुढे चौतीस वर्षं इस्पितळात काढली, निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्या दोन दारांच्या जुन्या निळ्या गाडीतून घरोघरी जाऊ लागली. कुणाचं ड्रेसिंग बदल, कुणाला इंजेक्शन दे. भावजी गेल्यावर तर गाडी आणि ती, एवढाच संसार.

आता हलकेरावांचा एक नियम होता. रस्त्यावरच्या गाडीचं दार ते बदलत नसत. शर्यतीच्या गाडीला आत नळ्यांचा पिंजरा असतो, दार नुसतं नावाला असलं तरी चालतं. रस्त्यावरच्या गाडीत तसं नाही. तिथे दाराच्या पोटात एक आडवी पोलादी नळी असते. बाजूनं कुणी येऊन आपटलं तर माणसाच्या आणि त्या आपटणाऱ्याच्या मध्ये तेवढी एकच गोष्ट उभी असते. हौशी माणसं यायची, म्हणायची, ‘‘हलकेराव, आमच्याही गाडीला बसवा की, पेट्रोल वाचेल.’’ मग हलकेराव भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवत. तिथे एक नळी टांगलेली होती, मधोमध कोपरातून वाकावी तशी वाकलेली.

ती ताईच्याच गाडीतली. पलीकडच्या दारातली. बऱ्याच वर्षांपूर्वी चौकात एक टेम्पो त्या बाजूनं घुसला आणि त्या सीटवर भावजी होते. दोन बरगड्यांना चीर, बाकी काही नाही. त्यानंतर अकरा वर्षं जगले, झोपेत गेले. जिवंत होते तेव्हा कारखान्यात आले की त्या नळीला नमस्कार करायचे आणि म्हणायचे, ‘‘मी फक्त तुझ्या बहिणीपुढे वाकतो रे. टेम्पोपुढे मी ही पाठवली.’’

तर असा नियम, असा त्यामागचा पुरावा. आणि एका बुधवारी ताईचा फोन आला.

झालं होतं असं. ताईचं घर चढावर. गाडी घरासमोर लावायची तर तोंड चढाकडे. तशी लावली की दार उघडताना ते वर ढकलावं लागतं, आणि दोन दारांच्या गाडीचं दार म्हणजे लांबलचक, कपाटाच्या फळीसारखं. तोंड उताराकडे केलं तर दार आपोआप उघडतं, पण मग ओढून बंद होत नाही. ताईचा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला आणि मनगटं सुजलेली. रोज ती पाय लावून, कोपर लावून कसंबसं दार ढकलायची. त्या दिवशी ड्रेसिंग करून दुपारी परत आली, दार ढकललं, ते अर्ध्यावर गेलं आणि परत येऊन नडगीवर बसलं. पुन्हा ढकललं, पुन्हा आलं. पलीकडचं दारही तेवढंच जड, आणि तिकडे जायचं तर मध्ये गिअरचा दांडा. हॉर्न वाजवणं तिच्या स्वभावात नव्हतं. बसून राहिली. पाऊण तासानं पोस्टमन आला.

‘‘ताई, आत काय करताय?’’

‘‘बसलेय. आत हवा बरी आहे.’’

पोस्टमन शहाणा. त्यानं आणखी काही विचारलं नाही, दार धरून उघडलं आणि तिच्या कोपराखाली हात घातला. तिथेच सगळं बिघडलं. चौतीस वर्षं जिनं लोकांच्या कोपराखाली हात घातले, तिच्या कोपराखाली कुणीतरी हात घालत होतं.

‘‘ढोल्या, गाडी काढून टाकतेय,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘चष्म्याच्या दुकानवाल्याला किती दिवसांपासून हवी आहे. येत्या रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी न्यायला ये म्हटलंय.’’

‘‘अगं, ड्रायव्हर ठेव.’’

‘‘मी काय मंत्री आहे?’’

‘‘मग दुसरी घे, हलक्या दाराची.’’

‘‘या वयात दुसरा संसार नको मला.’’

‘‘आणि तुझे ड्रेसिंगवाले?’’

‘‘चौघं तर राहिलेत. बघतील दुसरी नर्स.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी काय, टीव्ही बघीन.’’

ताई आणि टीव्ही! ज्या पेटाऱ्याला ती आयुष्यभर ‘बोलकं भांडं’ म्हणत आली, त्याच्यासमोर ती बसणार, हे हलकेरावांना पटेना. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागले. ते येरझाऱ्या घालतात तेव्हा फडताळातल्या बरण्या वाजतात.

‘‘अहो, बसा,’’ बायको म्हणाली. ‘‘बरण्या पडतील. काय झालं?’’

त्यांनी सांगितलं. बायकोनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मग वन्संच्या गाडीचं दार तुम्हीच का नाही करत?’’

‘‘रस्त्यावरची गाडी आहे ती.’’

‘‘हो, आकाशातली नाही, माहीत आहे. पण नियम केलात तो कशासाठी?’’

‘‘माणसाच्या बरगड्यांसाठी.’’

‘‘मग बरगड्या राखा आणि दार हलकं करा. दोन्ही एकदम जमत नसेल तर सत्तावीस वर्षं तिथे केलंत तरी काय? पावडर लावलीत?’’

हलकेराव उभेच राहिले. बरण्याही थांबल्या. मग ते फोनकडे गेले आणि ताईला म्हणाले, ‘‘विकायचीच आहे तर विक. पण अशी धुळकट देऊ नकोस, नाक कापलं जाईल. आठवडाभर माझ्याकडे ठेव, पॉलिश करून देतो.’’

‘‘तू कधीपासून पॉलिश करायला लागलास?’’

‘‘बहिणीच्या गाडीला करतो.’’

ताई खोटं लगेच ओळखते. पण त्या दिवशी तिच्यात ओळखायचंही त्राण नसावं. गुरुवारी तिनं किल्ली दिली.

दार उतरवून काट्यावर ठेवलं: बत्तीस किलो. हलकेरावांनी आतली नळी बोटांनी चाचपली, तिच्या दोन्ही टोकांना टिचक्या मारल्या आणि शिंपीणबाईंना म्हणाले, ‘‘बाई, हिला हात लावायचा नाही. बिजागरीपासून कडीपर्यंत लोखंड ते लोखंडच राहील. काच पण तीच. बाकी अंगावरचं सगळं बदलायचं.’’

‘‘म्हणजे हाडं तीच, कपडे नवे.’’

‘‘तसंच. पण कपडे असे, की हाडांना ताण आला तर तेही ओढून धरतील.’’

काम कसं चालतं ते सांगायला हवं. जुन्या दारालाच आधी मेण चोळायचं, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेले कापडाचे थर चढवायचे, ते वाळून कडक झाले की सोडवायचे. हा झाला साचा, दाराचा उलटा चेहरा. मग त्या साच्यात आतून नवे थर घालायचे, की दाराचा सुलटा चेहरा निघतो. साच्याला अक्कल नसते. जे असेल ते तो उचलतो: दाराची वळणं उचलतो, तसा खडा लागून पडलेला खळगाही उचलतो. म्हणून साचा घेण्याआधी दारावरचा प्रत्येक पोचा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायचा, पाण्याच्या पॉलिश कागदानं घासायचा. यात हलकेरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. शर्यतवाले म्हणायचे, यांच्या दारावर मुंगी घसरते.

ताईच्या दारावर त्यांनी सतरा पोचे मोजले, सतरा भरले. शुक्रवारी थर चढले. शनिवार, रविवार टेबल खिडक्यांबरोबर फिरलं. सोमवारी साचा सोडवून उलटा केला, तशा शिंपीणबाई म्हणाल्या, ‘‘अगंबाई! याला पोट आलंय.’’

साच्याच्या आतल्या बाजूला, कडीच्या जरा खाली, ताटाएवढा फुगवटा. साच्यात फुगवटा म्हणजे दारावर खोलगा. एवढा मोठा खोलगा, आणि तो भरायचा राहिला! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. हलकेरावांचे कान लाल झाले. त्यांनी जुनं दार उजेडाला धरलं. होता, खोलगा होता. इतकी वर्षं ते त्या गाडीच्या अवतीभवती वावरले, तिचं तेल बदललं, चाकं बदलली. बघून बघून डोळ्यांनी तो खोलगा दाराचाच आकार म्हणून कबूल करून टाकला होता. घरच्या माणसाच्या नाकावरचा मस कुणाला दिसतो?

‘‘ग्राइंडर द्या,’’ ते म्हणाले. ‘‘पोट उतरवतो.’’

‘‘देते. पण हे लागलंय कशानं? कुणी ठोकलं असतं तर रंग उडाला असता. इथे रंग नुसता गुळगुळीत झालाय.’’

‘‘काय माहीत.’’

बाईंनी गळ्यातली टेप काढली. ती अजून त्यांच्या गळ्यातच असते. जुनं दार गाडीला त्याच्या जागी धरायला लावलं आणि जमिनीपासून खोलग्यापर्यंत माप घेतलं. मग आपल्या स्वतःच्या अंगाला टेप लावून बघितली आणि मान हलवली.

‘‘हलकेराव, हे सीटचं माप आहे.’’

‘‘कुठल्या सीटचं?’’

‘‘गाडीच्या नाही हो. परकर शिवताना घेतात ते. कमरेखाली सात-आठ इंच. बाईमाणसाचं आहे, आणि बाई उंचीला माझ्याहून जरा जास्त.’’

हलकेराव दार धरून उभे होते ते तसेच. मग त्यांना ताई दिसली. एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्या हातात निर्जंतुक पट्ट्यांचा डबा, छत्री काखेत, किल्ली दातांत. आणि दार बंद करायला हात मोकळा नाही म्हणून, जरा वळून, कमरेचा एक ठोसा. ढप्प. रोज सहा-सात वेळा. किती वर्षं? पत्रा असा एका दिवसात बसत नाही. तो हळूहळू शिकतो.

ग्राइंडर त्यांनी टेबलाखाली ठेवला.

‘‘मग?’’ बाईंनी विचारलं.

‘‘असू दे. सपाट फायबर थरथरतं, वाजतं. खोलगा असला की ताठ राहतं. ताटाला काठ असतो तसं.’’

‘‘हो का?’’ बाई म्हणाल्या. ‘‘काठासाठी ठेवताय होय.’’

‘‘तिथे एक थर जास्त टाका.’’

‘‘दोन टाकते. रोजचा मार आहे.’’

गुरुवारी नवं दार निघालं. नळी, कडी, काच सगळं बसवून काट्यावर साडेसोळा किलो. रंग रेझिनमध्येच कालवलेला. कितीही केलं तरी उन्हानं विटलेल्या गाडीशी जुळेना, जुन्या सदऱ्याला नवी बाही लावल्यासारखं दिसू लागलं. शुक्रवारी दार गाडीला चढवलं आणि हलकेरावांनी ते उघडून त्यावर स्वतःचा सगळा भार टाकला. शिंपीणबाई बिजागरीपाशी वाकून बघत होत्या.

‘‘खाली आलं का?’’

‘‘केसभर नाही. गाडी मात्र आली.’’

शनिवारी गाडी तपासणीच्या साहेबांकडे नेली. साहेबांनी अस्तर काढून नळी बघितली, कडी बघितली, बिजागरीचे बोल्ट बघितले, तासभर प्रश्न विचारले आणि कागदावर सही दिली. हलकेरावांनी तो कागद खिशात ठेवला, आणि रविवारी सकाळी बायकोसह ताईच्या घरासमोर, चढाला, तोंड वर करून गाडी लावली.

चष्म्याचा दुकानदार आधीच येऊन बसला होता. बारीकसा, सभ्य, हातात टोपी. ताई बाहेर आली आणि पहिल्या पायरीवरच थांबली.

‘‘ढोल्या. हा रंग कसला?’’

‘‘पॉलिश जास्त झालं.’’

ताई खाली उतरली. दारापाशी आली. बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज पत्र्याचा नव्हता. तिचा चेहरा उतरला, मग चढला.

‘‘तू माझ्या गाडीला तुझं ते शर्यतीचं झाकण बसवलंस? ज्या गाडीत तुझ्या भावजींना... तू? भिंतीवर नळी टांगून लोकांना शहाणपण शिकवणारा?’’

‘‘ताई, ऐक तरी.’’

‘‘नळी कुठे आहे?’’

‘‘वन्सं, आत आहे,’’ बायको म्हणाली. ‘‘मी बघितली. साहेबांनीपण बघितली, कागद आहे.’’

‘‘कागद नको मला. आवाज ऐकव.’’

हलकेरावांनी काच खाली केली, खिशातला पाना फटीतून आत सोडला आणि नळीवर मारला. ठण्ण. जाड, भरीव, ओळखीचा आवाज. ताईनं डोळे मिटून ऐकला, दुसऱ्यांदा मारायला लावला. मग दाराला वळसा घालून आत बसली आणि दार ओढून घेतलं. आता काय बघायचं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुकानदारही उठून उभा राहिला.

चढ तोच. गाडीचं तोंड वर. ताईनं कडी काढली आणि सवयीनं पाय वर घेतला, कोपर लावलं, दात आवळले. दार असं उघडलं की पायच हवेत राहिला. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी तसं. ती आत तशीच बसली, एक पाय बाहेर, एक आत. मग दार मिटलं आणि पुन्हा उघडलं, या खेपेला मनगटानं. मिटलं, आणि उघडलं दोन बोटांनी.

‘‘बाहेर ये की,’’ हलकेराव म्हणाले. त्यांचा हात आपोआप तिच्या कोपराकडे गेला. बायकोनं मागून त्यांचा सदरा धरून ओढला.

ताई आपली आपण उतरली. पायरीवर काढून ठेवलेली पेटी उचलली, डबा उचलला, छत्री काखेत घेतली, किल्ली दातांत. गाडीपाशी येऊन वळली आणि कमरेचा ठोसा दिला, बत्तीस किलोच्या दाराला द्यायचा तेवढा. दार खटकन लागलं, आणि ताईचा तोल जाऊन ती दारावरच रेलली. आणि मग तशीच राहिली. कंबर त्या खोलग्यात होती. तिनं हळूच खाली बघितलं, पेटी टपावर ठेवली, हात मागे नेऊन ती जागा चाचपली.

‘‘हे भरायचं राहिलं वाटतं,’’ ती किल्ली दातांतून काढून म्हणाली.

‘‘राहिलं,’’ हलकेराव म्हणाले.

‘‘सत्तावीस वर्षं धंदा करतोस आणि एवढा पोचा दिसला नाही?’’

‘‘नाही दिसला.’’

‘‘नजर तपासून घे. हे आलेच आहेत,’’ ती म्हणाली, आणि दुकानदाराकडे वळली. ‘‘साहेब, तुम्हाला उगाच रविवारी त्रास दिला. चहा घेऊन जा. गाडी काही विकायची नाही.’’

दुकानदारानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. ‘‘ताई, खरं सांगू? मला पण हेच दार बसवून मिळालं तर...’’

‘‘रस्त्यावरच्या गाड्या मी करत नाही,’’ हलकेराव म्हणाले.

‘‘आणि ही?’’

‘‘ही घरातली आहे.’’

ताईनं घड्याळ बघितलं. साडेअकराचं ड्रेसिंग होतं, सोमवारपासून दुसरी नर्स येणार म्हणून त्या घरी सांगून ठेवलेलं. तेही आता परत घ्यायचं होतं. ‘‘वहिनी, तू यांना चहा दे. ढोल्या, चल बस. वाटेत काही करकरलं तर ऐकायला कुणीतरी हवं.’’

हलकेराव पलीकडच्या बाजूला गेले. ते दार जुनंच, टेम्पोनंतर बदललेलं, तीस-बत्तीस किलोचं. चढावर ते उघडताना त्यांना खांदा लावावा लागला, आत शिरताना गाडी त्या बाजूला कलली, आणि दार ओढून घेताना त्यांना धाप लागली.

‘‘या बाजूचं कधी करतोस?’’ ताईनं गाडी सुरू करत विचारलं.

‘‘इथे कोण बसतं तुझ्या?’’

‘‘तूच बसतोस की. बघ ना, केवढा दमलास.’’